गोठ्यातला घाट

माझ्या नातीनं मागच्या दिवाळीत घरी एक स्टेअरिंग आणलं. नुसतं स्टेअरिंग, गाडी नाही. ते टेबलाला आवळून बसवायचं, पायाशी पेडलं ठेवायची आणि टीव्हीच्या पडद्यावर शर्यत सुरू करायची. ती मला कौतुकानं सांगत होती की यातला रस्ता खऱ्या रस्त्यावरून मोजून घेतलाय, गाडीचं वजन, चाकांची पकड, सगळं हुबेहूब. वळणावर स्टेअरिंग हाताला ओढसुद्धा देतं. "आजी, धरून तर बघ," म्हणाली. मी धरलं. ओढ बसली, आणि माझ्या तळहातांना काथ्याची दोरी आठवली. मी तिला एवढंच विचारलं, "या वळणावर तांब्याभर पाणी ओतलं, तर ते कुठल्या बाजूला जाईल?"

ती हसायला लागली. आजीचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असावं. मला राग आला. मला राग पटकन येतो आणि पटकन जातोही, घरात सगळ्यांना ते माहीत आहे. पण प्रश्न काही वेडगळ नव्हता. सत्तरच्या दशकात, कडेगावकडच्या एका खेड्यात, आमच्या गोठ्यातही असंच एक स्टेअरिंग होतं, रस्ता होता, वळणं होती. फक्त पडदा नव्हता आणि वीजही नव्हती. स्टेअरिंगला ओढ द्यायचं काम माझ्याकडे होतं.

मी मूळची सांगलीची. हळदीच्या पेठेमागं आमचं घर, त्यामुळं माहेरच्या कपड्यांनाही हळदीचा वास असायचा. लग्न झालं तेव्हा आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते. रजा संपायच्या आतच तार आली आणि हे निघून गेले. ओळख म्हणावी अशी आमची झालीच नव्हती. मला यांचा चेहरा नीट आठवेना, म्हणून मी लग्नाचा फोटो काढून बघायची, तर त्यात मुंडावळ्याच जास्त.

मग लढाई झाली. यांच्या गाडीखाली सुरुंग फुटला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या दवाखान्यात बरेच महिने काढून, लाकडी पाय लावून हे घरी आले. काठी टेकत चालायचे, जेवायचे, झोपायचे. बोलणं मात्र तिकडंच कुठंतरी ठेवून आले होते. दिवसभर घरासमोरच्या कट्ट्यावर बसून असत. रस्त्यानं टरक गेला की मान वर व्हायची. नुसत्या आवाजावरून गाडी कुठल्या गिअरात आहे ते ओठ हलवून पुटपुटायचे, स्वतःलाच सांगितल्यासारखं. गाडी दिसेनाशी झाली की पुन्हा मान खाली.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि सासूबाई. सासरे कधीच गेले होते आणि ऊस सासूबाईंनी एकटीनं राखला होता. रात्र असो, थंडी असो, उसाला पाणी द्यायला त्या स्वतः जायच्या, कमरेला पदर खोचून आणि खांद्यावर खोरं टाकून. पाणी कुठं तुंबेल आणि कुठं पळेल हे त्यांना लांबून दिसायचं. बोलायला फटकळ होत्या. मीही काही कमी नव्हते, पण सांगलीहून आले होते, त्यामुळं सुरुवातीला जरा दबून होते.

यांच्या मामांचा एक टरक होता. हंगामात तो आमच्या भागातला ऊस नदीकाठच्या कारखान्याला न्यायचा. एक दिवस मामा आले तेव्हा हे अचानक म्हणाले, "मामा, तुमची गाडी मला चालवू द्या."

मामांनी लाकडी पायाकडं बघितलं. वाईट वाटलं असेल, पण दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणाले, "कारखान्याचा बॉयलर पेटला की ये. भरलेली गाडी घाटातनं खाली उतरवून दाव. मग गाडी तुझी. कागदाचं मी बघतो, पाय तू बघ."

"आणि न्हाई जमलं तर?"

"तर कट्टा हायच की तुझा."

मामा गेले. त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. मला मामांचा असा संताप आला होता, की मी भाकरी थापताना परात दणादणा आपटत होते. पण एक गोष्ट मला स्वच्छ कळली होती. घाट उतरला तर मला नवरा मिळणार होता. नाही उतरला तर हा मुका माणूस जन्मभर कट्ट्यावर बसणार होता आणि मी त्याला ताट वाढत राहणार होते.

सरावाला गाडी नव्हती. मामा रिकामी गाडीही हातात द्यायला तयार नव्हते. तेव्हा यांनी गोठ्यात गाडी करायची ठरवली. गोठा रिकामाच होता, दुष्काळात बैल विकावे लागले होते. कराडच्या भंगारवाल्याकडून एका मोडलेल्या टरकाचं स्टेअरिंग दांड्यासकट आणलं. गावातल्या सुताराकडून चौकट करून घेतली, बाभळीची पेडलं करून घेतली. पेडलं दाबल्यावर परत वर यावीत म्हणून मागं ट्यूबच्या रबरी पट्ट्या बांधल्या. दोन जुन्या टायरांवर फळी टाकून बैठक केली. गिअर म्हणजे खाचांच्या पाटात हलणारा एक दांडका. हे सगळं करताना यांनी चार शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

पहिल्या दिवशी हे फळीवर बसले, स्टेअरिंग धरलं, फिरवलं. ते विहिरीच्या रहाटासारखं गरगर फिरलं. यांनी हात काढून घेतले.

"ह्यात जीवच न्हाई," म्हणाले. आवाज असा होता की मला वाटलं, आता हे उठतील आणि पुन्हा इथं येणार नाहीत.

दावणीशी काथ्याची दोरी पडली होती. मी ती उचलली, स्टेअरिंगच्या दांड्याला वेढे दिले, दोन्ही टोकं घेऊन यांच्या मागं पोत्यावर बसले आणि म्हणाले, "आता फिरवा." यांनी डावीकडं फिरवलं, तशी मी उजवं टोक ओढलं. हे दचकले. मग मागं न बघता म्हणाले, "हां."

घरी आल्यापासून मला उद्देशून म्हटलेला यांचा हा पहिला शब्द. एवढाच, पण मी तो दिवसभर मनात घोळवत होते.

त्यानंतर हे मला शिकवायला लागले. "सरळ रस्त्याला दोरी ढिली सोड. वळनावर चाक आपसूक सरळ व्हायला बघतंय, तवा तू त्याला सरळ आनायला ओढ. गाडी भरल्याली असली की लय ओढ. खड्डा आला की झटका दे." फळी हलवायचं कामही माझंच. गाडी उजवीकडं वळली की पायानं फळी अशी दाबायची, की यांचा तोल डावीकडं जाईल. मी हमखास उलटं करायची. "अगं, वळन उजवीकडं हाय, मला डावीकडं पाड की!" हे ओरडायचे. इंजिनाचा आवाज हे तोंडानं काढायचे, आणि तो इतका जीव तोडून काढायचे, की एकदा मला हसू आवरेना आणि दोऱ्या हातातून सुटल्या. मागं वळून बघितलं आणि हेही हसले. नव्या नवरीला सासरी संसार शिकवतात. मला टरक व्हायला शिकवलं गेलं, आणि खरं सांगते, मला तेच जास्त आवडलं.

रोज दुपारी कामं उरकली की आम्ही गोठ्यात. लोक काय म्हणत असतील ते म्हणोत.

सासूबाई आधी चिडल्याच होत्या. भरदुपारी सून मागं बसून दोऱ्या ओढतेय आणि पोरगा तोंडानं घुर्रघुर्र करतोय, हे कुठल्या सासूला आवडेल? पण मग यांनी घाट करायला घेतला. फौजेत चढाईच्या आधी जमिनीचा मातीचा नमुना करतात, टेकड्या, नाले, वाटा सगळं दाखवून. त्याला सॅन्ड मॉडेल म्हणतात. तसाच आपला घाट गोठ्याच्या दुसऱ्या अंगाला करायचा, म्हणजे पुढचं वळण डोळ्यासमोर राहील. हे माती कालवू लागले, आणि ते बघून सासूबाईंना राहवेना.

"सर बाजूला. माती कळती का तुला?" म्हणाल्या आणि स्वतः बसल्या.

त्यांनी डोंगर थापला, रस्ता कोरला, शेणानं सारवला. आमचा घाट काही मोठा नाही, पाच-सहा वळणं असतील. पण डावीकडं दरी आहे आणि मधल्या पिंपळाच्या वळणावर सगळे जपून असतात. सासूबाईंनी घाणेरीच्या काड्या रोवून झाडं केली, दरीच्या जागी गव्हाणीजवळ खोल खड्डा खणला. सुताराकडून आणलेला वितीएवढा लाकडी टरक त्यावर ठेवला, त्यावर चिपाडांची मोळी बांधली आणि तो लांब काठीनं ढकलायचं काम स्वतःकडे घेतलं. यांनी स्टेअरिंग फिरवायचं, मी ओढ द्यायची आणि सासूबाईंनी टरक पुढं न्यायचा. पिंपळापाशी आलं की त्या टरक थांबवून नमस्कार करायच्या. "आये, चालत्या गाडीतनं कोन नमस्कार करतंय?" हे म्हणायचे. त्या म्हणायच्या, "तुझं तू बघ. मी करती."

रस्ता नीट झाला की नाही हे बघायची त्यांची रीत शेतातली. वरून तांब्यानं पाणी सोडायचं. पाणी रस्त्यावरून घरंगळत यायचं आणि प्रत्येक वळणावर डोंगराच्या कडेला धरून वळायचं, दरीत एक थेंब जात नसे. "पानी वळलं की गाडी वळती," असं त्या ठासून सांगायच्या. आम्हालाही ते पटलं होतं. मी फळीवर पाय देताना त्याच हिशेबानं द्यायची, वळण डोंगराकडं कललेलं, म्हणजे तोल कमी जाणार, असं धरून थोडासाच.

यांचा खरा झगडा क्लचशी होता. लाकडी पायाला पेडल लागलं की नाही तेच कळत नाही. जोर मांडीतून द्यायचा, आणि पाय कुठं पोचलाय ते गुडघ्याला बसणाऱ्या दाबावरून ओळखायचं. मधेच एकदा मामा डोकावले, क्लच दाबून बघितला आणि म्हणाले, "ही काय शिवणाची मशीन हाय व्हय रं? माझा क्लच दाबताना बैलाला घाम फुटंल." मग आम्ही पट्ट्या दुप्पट केल्या. आता पेडल खरं झालं आणि यांचा गुडघ्याखालचा भाग सोलवटून निघायला लागला. हे सांगायचे नाहीत. पाय काढताना मला बाहेर पाठवायचे. तो पाय यांनी मला कधी दाखवला नव्हता.

एक दिवस सराव झाल्यावर हे उठेचनात. मी पुढं जाऊन बघितलं तर धोतराला रक्त. मी खाली बसले, पट्टे सोडले, पाय बाजूला ठेवला आणि कोमट पाण्यानं जखम पुसायला लागले. यांनी माझा हात धरला, बाजूला करायला. मग केला नाही. तसाच धरून ठेवला. मी खोबरेल लावलं, मऊ धुतलेल्या लुगड्याची पट्टी बांधली. "घाण वाटत न्हाई?" यांनी विचारलं. मी म्हणाले, "मला तुमच्या आवाजाची घाण वाटते, तो इंजिनाचा काढता त्याची." हे हसले आणि मग यांचे डोळे भरून आले. लग्न मांडवात लागलं होतं, पण आम्ही नवरा-बायको झालो ते त्या दुपारी, शेणाच्या वासात.

नागपंचमीला मी माहेरी निघाले. एसटी घाटातून उतरायला लागली तशी मी डोळे मिटून घेतले. मी टरक होते, मला खरा रस्ता अंगावर घेऊन बघायचा होता. पहिली वळणं आमच्यासारखीच गेली. पिंपळाचं वळण आलं आणि मी बाकावरून घसरून शेजारच्या बाईच्या अंगावर, दरीच्या बाजूला, अशी गेले की तिची पिशवीच खाली पडली. गोठ्यात तिथं मी यांना एवढं कधीच पाडलं नव्हतं. कंडक्टरला वाटलं मला गाडी लागली, त्यानं लिंबू दिलं. मी लिंबू हुंगत सांगलीपर्यंत तोच विचार करत गेले. परत येताना पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच, अंग दरीकडं.

घरी आल्याआल्या मी सांगितलं, "पिंपळाचं वळण आपण चुकीचं केलंय. तिथं रस्ता दरीकडं कललेला आहे."

"काय तरी बोलू नगंस," सासूबाई म्हणाल्या. "तिथं पानी डोंगराकडंच जातंय."

"मग जाऊन ओतून बघू."

मी हे रागात बोलले. पण हे म्हणाले, "बघू या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं भरलेली कळशी घेऊन एसटीनं घाटमाथ्यावर उतरलो. तिथून हे काठी टेकत, मी कळशी घेऊन, सासूबाई मागून, असे पिंपळापर्यंत चालत गेलो. जतकडचा एक धनगर मेंढरं घेऊन वर येत होता. मी रस्त्याच्या मधोमध कळशी कलती केली, तसा तो थांबून बघत राहिला. "काय गं बाई, रस्त्यावर पानी वततीस? दुष्काळ इतक्यात इसरलासा व्हय?" म्हणाला. आम्हाला उत्तर द्यायला वेळ नव्हता. पाणी क्षणभर डांबरावर पसरलं आणि मग सरळ दरीच्या बाजूला निघालं. कडेच्या गवतातून खाली गेलं.

मी जिंकले होते. तोऱ्यात सासूबाईंकडं वळले, तर त्या रस्त्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून उभ्या होत्या. चपला हातात, पाय कोरडे. मी पाणी ओतायच्या आधीपासून त्या तिथंच उभ्या होत्या. पाणी आपल्याकडं येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. माझा तोरा तिथंच उतरला.

हेही त्यांच्याकडंच बघत होते. "आये, तुला म्हाईत हुतं?"

मेंढरं आमच्यामधून निघून गेली.

"पावसाळ्यात कितींदा गेली मी हितनं," त्या म्हणाल्या. "मला कळायचं न्हाई व्हय? पर माझ्या हातानं तुला दरीकडं उतार करून देऊ? न्हाई झालं माझ्याच्यानं. लय येळा माती उचलली आन ठेवली."

मला वाटलं हे चिडतील. यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आये, तू गोड रस्ता करून दिलास तर खरा रस्ता मला गिळंल की."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि चपला घालून चालायला लागल्या.

दुपारी त्या गोठ्यात आल्या, पण मातीला हात लावेनात. म्हणून पिंपळाचं वळण मी मोडलं आणि मीच पुन्हा केलं, दरीकडं थोडं उतरतं. त्या गव्हाणीवर बसून बघत होत्या. मी हात धुवायला उठले तशा म्हणाल्या, "एवढ्यानं न्हाई व्हायचं. आनखी उतरीव. तिथं लय वंगाळ हाय." मी आणखी उतरवलं. "आनखी." मी उतरवलं. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. पाणी दरीत गेलं. लाकडी टरक मी जरा जोरानं ढकलून बघितला, तर वळणावर तो कलंडला आणि खड्ड्यात पडला. सासूबाईंनी झेप घालून तो उचलला, चिपाडं पुन्हा बांधली, पदरानं पुसला. त्या दिवसापासून पिंपळापाशी त्या नमस्काराला टरक थांबवायच्या आणि मग काठी माझ्याकडं द्यायच्या. त्या वळणातून त्यांनी तो पुन्हा कधी नेला नाही. तेवढ्यापुरती मी एका हातात दोऱ्या धरायची आणि दुसऱ्यात काठी.

दिवाळी झाली आणि बॉयलर पेटला. मामा उसाच्या मोळ्यांनी शिगोशिग भरलेला टरक घेऊन दारात आले. सगळी आळी बघायला जमली. मी केबिनमध्ये चढायला लागले, तशी मामांनी तोंड वाकडं केलं. "बाईमानसाचं काय काम हितं?"

"ती न्हाई तर गाडी न्हाई," हे म्हणाले. एवढ्या लोकांसमोर. मी पदर नीट केला आणि यांच्या आणि मामांच्या मागं, केबिनमधल्या फळकुटावर बसले.

सासूबाई आल्या नाहीत. दारातही आल्या नाहीत. गोठ्याचं दार मात्र लोटलेलं दिसलं.

पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंद पडली. कुणीतरी हसलं. दुसऱ्यांदा निघाली. घाटमाथ्यापर्यंत ठीक गेली. उतार लागला आणि तेव्हा मला कळलं, की आम्ही गोठ्यात काहीच केलं नव्हतं. मागच्या उसाचं वजन अंगावर चालून येत होतं, आणि ते काही माझ्या दोन हातांत मावणारं नव्हतं. पिंपळाच्या अलीकडं गिअर उतरवायचा होता. यांनी क्लच दाबला आणि लाकडी पाय पेडलाच्या कडेवरून निसटला. गिअर खरडला, पडला नाही. गाडी मोकळी सुटली. मामांचा हात हँडब्रेककडं गेला.

"हात काडा, मामा," हे म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. यांनी मांडी उचलली, पाय पुन्हा ठेवला, कुठं ठेवलाय ते गुडघ्यानं चाचपलं, मला मागून ते सगळं कळत होतं. मग दाबला. गिअर पडला. इंजिन ओरडलं, गाडीला लगाम बसला आणि वळण आलं. टरक दरीकडं कलला. मागं ऊस करकरला. माझ्या नकळत मी यांच्या बैठकीची दांडी दोन्ही हातांनी ओढून धरली होती, रोजच्या बाजूला, रोजच्यासारखी. यांच्या मानेवर घाम निथळत होता. पिंपळ बाजूनं मागं गेला, सावकाश.

खाली सपाटीला यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग मागं वळून मला म्हणाले, "तू टरकापेक्षा लय जड हायस."

मी रडत होते, त्यामुळं मला नीट भांडताही आलं नाही. मामांनी बिडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि बाहेर बघत म्हणाले, "परत जाताना बी तूच घे."

ऊस टाकून, रिकामी गाडी घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. हॉर्न वाजवला तरी सासूबाई बाहेर आल्या नाहीत. आम्ही गोठ्याचं दार ढकललं. त्या मातीच्या घाटासमोर बसलेल्या होत्या, हातात काठी. आम्ही निघालो तेव्हा त्यांनीही टरक माथ्यावरून सोडला असणार. वरची वळणं उतरून तो पिंपळाच्या काडीपाशी उभा होता. तिथून पुढं गेलेला नव्हता.

"आये, आलो की मी," हे म्हणाले.

त्यांनी यांच्याकडं बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत. मग पुन्हा त्या टरकाकडं. "तू आलास रं," त्या म्हणाल्या, "पर ह्यो किती येळ हितंच हुबा हाय."

लाकडी पायानं जमिनीवर बसणं यांना फार अवघड जायचं, आणि कुणासमोर हे तसं बसत नसत. त्या दिवशी गव्हाणीला धरून बसले, आईच्या शेजारी मातीत. काठीवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला. मी सवयीनं मागं पोत्यावर जाऊन बसले. त्या दोघांनी मिळून तो टरक दरीकडच्या उतारावरून हळूहळू वळवला, खालची वळणं उतरवली आणि सपाटीला आणून उभा केला. मग सासूबाईंनी काठी खाली ठेवली.

"आता पोचलास," त्या म्हणाल्या, आणि मला चहा टाकायला सांगितला.